भरीतवाले नाना

दिवाळी उरकून हवेत जरा गारठा आला की पिंपरी-चिंचवडच्या सोसायट्यांमधला एक ठरावीक गृहस्थ अस्वस्थ होतो. नोकरीसाठी जळगाव-भुसावळकडून आला, इथेच फ्लॅट घेतला, पोरं पुणेरी बोलायला लागली. जीभ मात्र अजून तापीकाठीच आहे. वय, हुद्दा काहीही असो, आपण त्याला नाना म्हणू.

‘खानदेशी’ अशी पाटी दिसली की नाना गाडी बाजूला घेतात. आत गेल्यावर मेनूकार्डाला हात लावत नाहीत, थेट उलटतपासणी. “वांगं कुठलं आहे भो?” वेटर म्हणतो, “मार्केट का.” नानांना बामणोदचं हवं असतं. हिरवं, पांढुरक्या रेषांचं, एका हातात न मावणारं. जळगावच्या या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे ते अशा थाटात सांगतात, जणू अर्ज त्यांनीच भरला होता.

“आणि भाजलं कशावर?”

“गॅस पे.”

इथे नाना डोळे मिटतात. मग कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ, त्यात काळीठिक्कर झालेली वांगी, हिरव्या मिरच्या-लसणासोबत लाकडी बडगीतलं ते ठेचणं, वर कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप... वेटर सगळं ऐकून घेतो. मागच्या टेबलावरचे लोक हात वर करून करून दमतात.

ताटात टोमॅटो दिसला तर नाना भाकरी आणि ठेचा खाऊन उठतात. दह्यातल्या भरताला तर ते कोशिंबीर म्हणतात. (मला ते आवडतं. पण सांगायची सोय नाही; नानींचं माहेर साताऱ्याचं, त्यांनीही आता नाद सोडलाय.)

शेवटी नाना गावाहून पार्सल मागवतात. रातराणी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून वांग्यांचं पोतं येतं आणि नाना भल्या पहाटे नाशिक फाट्यावर कानटोपी घालून उभे. वांगी येतात, कळण्याच्या भाकरीचं पीठ येतं, बडगीसुद्धा आली. पऱ्हाट्यांचा भारा मात्र ड्रायव्हरने चढवू दिला नाही. तेव्हापासून कॉलनीत झाडांची छाटणी झाली की वाळक्या काटक्या आधी नाना उचलतात. “पऱ्हाट्यांची सर नाही,” असं पुटपुटत, पण उचलतात.

एकदा मात्र घात झाला. डबे करणाऱ्या एका काकूंकडचं भरीत अगदी तसंच निघालं. नाना गप्प. दोन भाकऱ्या गेल्या, तिसरी मागितली. मग न राहवून विचारलं, “ताई, गाव कोणतं?” “सावदा.” नानांचा चेहरा एकदम खुलला. “तरीच!” पुण्याला श्रेय द्यायचं संकट टळलं होतं.

तेव्हा थंडीत शेजारच्या गच्चीवरून धूर दिसला तर घाईने फायर ब्रिगेडला फोन करू नका. थोडं थांबा, बोलावणं येईल. आलं की उपाशीपोटी जा आणि तिथे दह्याचं नाव काढू नका.