रा. रा. फेसराव यांस खुले पत्र

रा. रा. फेसराव,
मु. पो. बिअरचा ग्लास, वरचा काठ.



आमच्याकडे आपल्याला कवडीची किंमत नाही. वेटर ग्लास तिरका धरून कडेकडेने ओततो. तरी आपण दोन बोटं वर आलात की गिऱ्हाईक डोळे वटारतं, ‘बाटलीचे पैसे घेऊन हवा पाजतोस काय रे?’ आमचा अडाणीपणा पोटात घाला. आपली खरी कदर पाहायची तर कॅनडातलं क्वेबेक शहर गाठायला हवं, तेही १९६५ सालचं.

त्या सुमारास तिकडच्या बारमध्ये ग्लास डिटर्जंटने धुतले जात. ग्लास लख्ख, पण काचेला डोळ्यांना न दिसणारा ओशट थर उरायचा आणि तो लागला की आपण टेबलापर्यंत पोचायच्या आत खल्लास. ग्लास आणखी एकदा साध्या पाण्यात विसळता आला असता. पण इतका फुकटचा उपाय आपल्या इभ्रतीला शोभला नसता. म्हणून कारखान्याने बिअरमध्येच कोबाल्ट सल्फेट टाकलं. लिटरमागे एखादा मिलिग्रॅम कोबाल्ट, आणि आपण ताठ उभे! जर्मन खाणकामगारांनी ज्या भुताच्या नावावरून या धातूच्या खनिजाला नाव दिलं, त्याला एवढी मानाची नोकरी त्याआधी कुणी दिली नसेल.

मग ऑगस्टपासून इस्पितळात माणसं येऊ लागली. धाप, काळंनिळं पडलेलं तोंड, फुगलेलं हृदय आणि त्याच्याभोवती साचलेलं पाणी. एप्रिल १९६६ पर्यंत ४८ जण आले, त्यातले २० गेले. सगळे अट्टल पिणारे, त्यामुळे ‘दारूने मेले’ म्हणून फाइल मिटवणं सोपं होतं. पण एकाच शहरात, एकाच हंगामात इतकी हृदयं एकदम कशी थकली? डॉ. इव्ह मोरँ आणि सहकाऱ्यांच्या तोंडाला फेस आला (क्षमस्व, आपलं नाव उगाच घेतलं). शवविच्छेदनात थायरॉइडमध्ये जे बदल दिसले, ते कोबाल्टची विषबाधा सुचवणारे होते. माग बिअरपर्यंत पोचला.

आपल्या बाजूने एक मुद्दा मात्र मांडलाच पाहिजे. दिवसाला आठ लिटर रिचवणाऱ्याच्या पोटातही जेमतेम आठ मिलिग्रॅम कोबाल्ट जात होतं. रक्तक्षयाच्या रोग्यांना औषध म्हणून याच्या कित्येक पट दिलं जाई आणि त्यांची हृदयं शाबूत राहत. पण ते रोगी जेवत होते. हे पिणारे बिअरवरच जगत होते. प्रथिनांचा पत्ता नाही, वर रोजचं अल्कोहोल. अशा हृदयाला एवढंसं कोबाल्टही पुरलं. म्हणजे दोष आपला नाही, त्यांच्या रिकाम्या ताटाचा. कारखान्याच्या हिशेबात ते ताट कुठून येणार?

कोबाल्ट थांबलं, नवे रोगी थांबले. एक विचारायचं राहिलं. शिल्लक बिअर सेंट लॉरेन्स नदीत ओतली, तेव्हा आपण पाण्यावर किती वेळ टिकलात?

आपलं नम्र,
ग्लास तिरका धरायला लावणारं एक गिऱ्हाईक