मुरलेला जुगारी

मुरलेला जुगारी म्हणजे ज्याने जुगारात उभा जन्म घालवला, पण स्वतःला जुगारी म्हणवून घेतले नाही तो. नवखा हरला की नशिबाला शिव्या देतो. मुरलेला हरला की पानाला चुना लावत म्हणतो, ‘अंदाज बराबर व्हता.’ लोणच्याची फोड मुरायला पावसाळा पुरतो; या माणसाला वीस-पंचवीस पावसाळे, दोन-तीन छापे आणि एखादे गहाण पडलेले शेत लागते.

याच्या दोन जाती आहेत. एक हातावर खेळणारा, दुसरा आकड्यावर. हातावरचा आपले कौशल्य लपवून पोट भरतो, तर आकड्यावरचा आपली हार लपवून. तेल्हारा तालुक्यात आणि एकूणच वऱ्हाडात दुसऱ्या जातीची पैदास अधिक. त्याची कारणे पुढे येतीलच.

हातावरच्या जुगाऱ्याचा सर्वांत नावाजलेला नमुना पूल या खेळाने दिला. तेल्हाऱ्यात पूल म्हटले की कोणत्या नाल्यावरचा, असा प्रश्न येईल, म्हणून खुलासा: हिरव्या बनातीचे टेबल, सहा खिसे, लांब काठी आणि चेंडू असा हा खेळ. नावाचा उगम पैशातच आहे. खेळणाऱ्यांनी मिळून पणाला लावलेली रक्कम म्हणजे पूल. गणपतीच्या वर्गणीसारखीच, फक्त हिचा हिशेब त्याच रात्री लागतो. याच घराण्यातला स्नूकर हा खेळ सातपुड्यापलीकडे जबलपुरात १८७५ साली निघाला. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या फौजी अधिकाऱ्याने (पुढे पंतप्रधान झाला तो चेंबरलेन निराळा) पावसाळ्यात मेसमध्ये बसून राहावे लागते म्हणून जुन्या पैशाच्या खेळात रंगीत चेंडू मिसळले. पावसाळ्यात बसून राहावे लागते ही अडचण सातपुड्याच्या अलीकडे कधी कोणाला आली नाही. इकडे तेव्हा निंदण असते, डवरणी असते आणि उसनवारी असते.

आपला हात उघडपणे दाखवणारेही असतात. पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कलकत्त्यात बिलियर्ड्सचे हौशी जागतिक विजेतेपद मिळवले, १९६४ मध्ये पुन्हा मिळवले आणि पद्मश्री झाले. असल्या माणसाशी पैसे लावून खेळायला कोण उभा राहील? हात उघडा पडला की धंदा बसला.

म्हणून पक्का धंदेवाईक तो, जो कधीच विजेता होत नाही. अमेरिकेतला रुडॉल्फ वॉन्डरोन हा त्याचा नमुना. जन्म १९१३, न्यूयॉर्क. देह गोलमटोल, तोंड अखंड चालू. त्याने एकही मोठी स्पर्धा जिंकली नाही. पैसे टेबलावर असताना आपण कधी हरलो नाही, असे तो सांगे, आणि खोडून काढायला पुरावा नसे, कारण अशा सामन्यांची पावती कोणी फाडत नाही. १९६१ मध्ये ‘द हस्लर’ हा चित्रपट आला. त्यात मिनेसोटा फॅट्स नावाचा एक जाडजूड पूलबहाद्दर होता. वॉन्डरोनला तोवर लोक न्यूयॉर्क फॅट्स म्हणत. चित्रपट चालला तसे त्याने जाहीर केले की तो मिनेसोटावाला म्हणजे आपणच. मूळ कादंबरीचा लेखक वॉल्टर टेव्हिस म्हणत राहिला की पात्र काल्पनिक आहे, या गृहस्थाशी संबंध नाही. लेखकाचे कोण ऐकतो! वॉन्डरोनने ते नाव घेतले ते घेतलेच. त्यावर दूरदर्शनचे कार्यक्रम केले, आत्मचरित्र काढले, आणि मिनेसोटा कोणत्या बाजूला आहे याची फारशी फिकीर न करता मरेपर्यंत मिनेसोटा फॅट्स म्हणून मिरवला.

याने जीव नकोसा केला तो विली मॉस्कोनीचा. मॉस्कोनी पंधरा वेळा जगज्जेता. १९५४ मध्ये त्याने एका दमात, न चुकता, ५२६ चेंडू खिशात घातले होते. पण गावोगाव लोक विचारत, ‘फॅट्सला हरवलं का?’ शेवटी १९७८ मध्ये दूरदर्शनवर दोघांचा सामना झाला. मॉस्कोनी जिंकला. फॅट्स बोलत राहिला. आणि ज्यांनी सामना पाहिला त्यांतल्या बऱ्याच जणांना बोलणाराच लक्षात राहिला. जिंकणे हे कसब आहे, पण हरून बाजार मांडता येणे हे फार वरचे कसब आहे. वऱ्हाडातल्या पारावर ते मोफत शिकायला मिळते.

असले टेबल तेल्हाऱ्यात टिकेल का, हा तांत्रिक प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मातीत आहे. टेबलाच्या बनातीखाली दगडी पाट्या असतात. पूर्ण मापाचे स्नूकरचे टेबल बारा फूट लांब, सहा फूट रुंद आणि वजनाला टनाच्या वर भरते. ते केसभरही कलंडलेले चालत नाही. इकडची काळी कसदार माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की आत हात जातो. वर बांधलेल्या घराच्या भिंतीवर आषाढात मिटलेली चीर वैशाखात पुन्हा जागी होते. या जमिनीवर मृगात समतल केलेले टेबल दिवाळीत समतल राहील याची हमी कोणता मिस्त्री देईल? सातपुड्यातून उतरणारे पाणी जसे पूर्णेकडे धावते तसा चेंडूही एखाद्या महिन्यात दक्षिणेकडे घरंगळू लागायचा. अर्थात मुरलेल्याला अडचण नाही. कोणत्या महिन्यात टेबल किती झुकते ते तो ध्यानात ठेवील आणि परगावचे गिऱ्हाईक नेमके त्या महिन्यात बोलावील. तूर्त ही हौस कॅरमवर भागते. बोरिक पावडर, शंभर वॉटचा गोळा आणि ‘चहाचा डाव’ या सोज्वळ नावाखाली चालणारा डाव.

आता आकड्यावरची जात. तिचे मूळ कपाशीत आहे, आणि म्हणून हा विषय वऱ्हाडाचा घरचा आहे.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाडाची आठवण झाली. पाठोपाठ कापसासाठी आगगाडी आली. खामगावचा फाटा १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते उघडला. काळ्या मातीतले बोंड असे जगाच्या बाजाराला बांधले गेले. भाव न्यूयॉर्कला हलला की इकडे अडत्याची भुवई हलायची. मुंबईत तर कापसाचा भाव हाच खेळ झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात दिवसाचा उघडण्याचा भाव काय आणि बंद होण्याचा काय, ते तारायंत्राने मुंबईच्या बाजारात येई आणि त्यातल्या आकड्यांवर पैसे लागत. यात कापूस पिकवणाऱ्याचा, वेचणारीचा, सरकी काढणाऱ्याचा कोणाचाच संबंध नव्हता. गाठ न उचलता, बोट न मळता कापसावर कमावण्याची ही पहिली सोय.

यादवीला बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हा, १९६१ च्या सुमारास, न्यूयॉर्कने ती पद्धत बंद केली. ज्या वर्षी त्या शहराने जगाला एक नकली मिनेसोटा फॅट्स दिला, त्याच सुमारास त्याने मुंबईच्या हजारो लोकांचा आकडा काढून घेतला. पण आकडा ही गरजेची वस्तू आहे. भाव नसला म्हणून अडत नाही. कच्छमधून येऊन मुंबईत किराणा विकणाऱ्या कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये वरळीत आपला आकडा काढायला सुरुवात केली. फाळणीनंतर कराचीहून आलेला रतन खत्री त्यांच्याबरोबर होता. १९६४ मध्ये त्याने वेगळी चूल मांडली. आधी मडक्यातून चिठ्ठ्या काढत, म्हणून मटका. पुढे पत्ते काढू लागले, मडके गेले, नाव राहिले. तसेच कापूस गेला, पण त्याचे ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ राहिले. गावातला बुढा आजही विचारतो, ‘ओपन काय आलं?’ तेव्हा तो नकळत न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराची घंटा वाजवत असतो.

पद्धत सोपी, म्हणूनच जीवघेणी. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची, शेवटचा अंक तो ओपन. तीन, सहा, आठ आले तर सतरा, म्हणजे सत्ता. रात्री उशिरा पुन्हा तीन पत्ते, तो क्लोज. दोन्ही मिळून जोडी. तीन अंकी पानांचे एकूण प्रकार २२० होतात आणि दहा अंकांत ते सारखे वाटले जातात, प्रत्येकाला बावीस. इतकी न्याय्य वाटणी सरकारी योजनेतही दिसत नाही. एका अंकाला लावलेल्या रुपयाचे साधारण नऊ मिळतात. दहाही अंकांवर रुपया-रुपया लावला तर दहा जातात, नऊ येतात. तो दहावा रुपया म्हणजे खायवाड. लावणारा तो लगवाडी, घेणारा तो खायवाडी. इतकी प्रामाणिक परिभाषा दुसऱ्या कोणत्याही धंद्यात नाही.

खत्रीचे नाव झाले ते विश्वासावर. पत्ते लोकांसमोर काढायचे आणि लागलेल्याचे पैसे द्यायचे, एवढ्यावर गिरणगावापासून बंगल्यापर्यंत लोक खेळले. वऱ्हाडचा कापूस गाठी होऊन मुंबईला जायचा, गिरणीत त्याचे सूत व्हायचे, सूत काढणारा कामगार संध्याकाळी आकडा लावायचा, आणि तोच आकडा रात्री फोनवरून सहाशे किलोमीटर परत येऊन कापूस पिकवणाऱ्याला बुडवायचा. इतके पूर्ण चक्र सहकारी चळवळीलाही जमले नाही. आणीबाणीत खत्री एकोणीस महिने आत होता. १९७५ च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात प्रेमनाथने रंगवलेला बडा आसामी त्याच्यावरून घेतल्याचे सांगतात. म्हणजे फॅट्सने पडद्यावरून नाव उचलले, तर खत्रीकडून पडद्याने माणूस उचलला.

वऱ्हाडात या सगळ्याला ‘वरली मटका’ किंवा ‘सट्टापट्टी’ म्हणतात. वरळी म्हणजे समुद्राकाठची एक वस्ती, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनीही वरलीवर पैसे लावलेले असतात. बऱ्याच जणांच्या मते ‘वरली’ म्हणजे वरून आलेली, आणि एका अर्थी ते बरोबरच आहे. व्यवहाराचे साधन म्हणजे चिठ्ठी: दोन बोटे रुंद, वहीच्या पानाची फाडलेली, बॉलपेनने अंक आणि पुढे रक्कम. नाव नाही, तारीख नाही, सही नाही. बँकेत अंगठ्याचा ठसा जुळत नाही म्हणून तीन चकरा मारणारा माणूस या चिठ्ठीवर डोळे मिटून विसंबतो. तिची जागा सदऱ्याच्या आतल्या खिशात, बियाण्याच्या पावतीशेजारी. दोन्ही कागद एकाच भावनेने जपलेले असतात.

आकडा सुचतो कुठून, याची सामग्री अफाट आहे. स्वप्नात साप आला तर अमुक, एसटीच्या पाटीवरचे शेवटचे दोन अंक, नवजात नातवाचे वजन, आणि जुन्या निकालांचे तक्ते. असा तक्ता मुरलेला जुगारी ज्या एकाग्रतेने वाचतो त्याच्या पावपट एकाग्रतेने सातबारा वाचला असता तर तालुक्यातले निम्मे दावे निकाली निघाले असते.

पण माणूस इतकी वर्षे हरत टिकतो कसा, हे कोडे अंकगणितानेच सुटते. समजा त्याने पंजा लावला. दहात एकदा पंजा येतो, तो विजय. दहात दोनदा चौका किंवा छक्का येतो. मग, ‘एकानं हुकलं ना बापा!’ दहात एकदा शून्य येते. ते पंजाचे ‘कट’, कारण या शास्त्रात पाचाच्या फरकाने येणारा अंक हा सख्खा भाऊ धरतात. म्हणजे दहापैकी चार दिवस त्याचे पटते. इतके यश हवामानखात्याला मिळाले तर पेढे वाटतील. उरलेल्या सहा दिवसांबद्दल तो बोलत नाही, आणि पारावर त्याला कोणी विचारत नाही, कारण बाकीचेही आपापल्या सहा दिवसांवर बसलेले असतात.

सणावारी आकड्याला पत्त्यांची जोड मिळते. पोळ्याला बैल सजतात, त्यांच्या मागे धन्याचा डाव बसतो. पोलिसांच्या बातमीत त्याला ‘एक्का बादशहा नावाचा जुगार’ असे भारदस्त नाव असते आणि मुद्देमालात बावन्न पत्ते आवर्जून मोजलेले असतात. एक्कावन्न निघाले तर तपास कुठे वळेल, सांगता येत नाही. कायदा १८८७ चा, मुंबई इलाख्याचा. त्याचे बारा (अ) हे कलम पारावर मुलांनाही पाठ असते. तेरावे कोणाला माहीत नसते. त्यात म्हटले आहे की निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. म्हणजे मॉस्कोनी सुटला, पंजावाला अडकला. कोरडवाहू कपाशी यात कुठे बसते याचा खल पारावर पुष्कळ झालेला आहे. पेरणीला कौशल्य लागते हे सर्वांना मान्य, पण पाऊस, गुलाबी बोंडअळी आणि भाव या तीन पत्त्यांची बेरीज काय येईल ते कोणाच्या हातात नाही. आणि इथे एकाने हुकले की कट धरत नाहीत.

म्हातारपणी ही जात निवळते. फॅट्सने इलिनॉयमधल्या एका खेड्यात कुत्री-मांजरे ढिगाने पाळली होती. १९९६ मध्ये तो वारला; वरच्या दारातही टेबल मांडायला सांगणारा मजकूर त्याच्या थडग्यावर आहे. खत्रीने नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला धंदा सोडला आणि मे २०२० मध्ये, टाळेबंदीत, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी मुंबईत वारला. मटका फोनवरून मोबाइलवर गेला, चिठ्ठी मागे पडू लागली, चिठ्ठी लिहिणाराही. तेल्हाऱ्याचा मुरलेला जुगारी मात्र मोबाइलवर खेळत नाही, कारण त्यात हरल्यावर सांगायला समोर कोणी नसते. तो स्टँडसमोरच्या टपरीवर बसतो आणि समवयस्काशी अर्ध्या चहावर लावतो: आधी अकोटची गाडी येईल की शेगावची. अकोटवाल्याने आज अर्धा तास वाट पाहिली. आली ती अकोल्याची.

‘एकानं हुकलं,’ दोघेही म्हणाले, आणि चहा टपरीवाल्याच्या वहीत गेला.