मिश्र पद्धतीचं संशोधन: नवशिक्यांसाठी, स्टेपलरसह
सर्वात आधी एक स्टेपलर घ्या. मोठा, जाड गठ्ठ्यांचा. सिनॉप्सिसमध्ये 'मिश्र पद्धती' हे शब्द गाइडच्या सांगण्यावरून तुम्ही घातलेच असतील. नुसती प्रश्नावली आता जुनाट दिसते, आणि नुसत्या मुलाखती घेतल्या तर समितीतलं कुणीतरी हमखास विचारतं, "पण नमुना केवढा?" दोन्ही केलं की कुणी काही विचारत नाही. संशोधनाचा प्रश्न काय आहे ते पाहून पद्धत निवडावी, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. प्रश्नाचं मागाहून बघता येईल.

आता प्रश्नावली. रेन्सिस लिकर्ट यांनी 1932 साली मांडलेली मोजपट्टी वापरा: पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णतः असहमत. विधानं इंग्रजीतून जशीच्या तशी मराठीत आणा, म्हणजे ती सगळ्यांना सारखीच अवघड जातील. मी नवशिकी होते तेव्हा पाणीपुरवठ्याच्या एका सर्वेक्षणात एका आजींना विचारलं होतं, "नळयोजनेमुळे आपल्या जीवनमानात सकारात्मक बदल घडून आला आहे, या विधानाशी आपण कितपत सहमत आहात?" आजी तांदूळ निवडत होत्या. सुपातली नजर न काढता म्हणाल्या, "तुला काय पायजे ते लिही बाई, उन्हातनं आलीयेस." मी 'तटस्थ'वर खूण केली. कोड 3. निघताना त्यांनी नळ दाखवला. तोटीवर कोळ्यानं जाळं विणलं होतं. "नळ हाय की," आजी म्हणाल्या, "पाणी तेवढं विहिरीचं." प्रश्नावलीत 'घरात नळ आहे का'पुढे होय आणि नाही असे दोनच खण होते. मी 'होय' लिहिलं.

मुलाखती सगळे फॉर्म भरून झाल्यावरच घ्या. आधी घेतल्या तर प्रश्नावली बदलावी लागण्याचा धोका असतो. तासाभराचं बोलणं उतरवून काढायला पाच-सहा तास लागतात, तेव्हा ते काम मावसबहिणीवर सोपवा. मग त्यातून तुमच्या तक्त्याशी जुळणारी दोन-चार वाक्यं उचला आणि तिरक्या अक्षरांत छापा. खाली 'उत्तरदाती क्र. 7, वय 42'. प्रकरण चारमध्ये आकडे, प्रकरण पाचमध्ये माणसं. दोघांची गाठ पडू देऊ नका. मधे पिन मारली की झालं मिश्रण.

काही वाईट उदाहरणांपासून मात्र जपून राहा. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. स्त्रीरोगाची तक्रार सांगणाऱ्या बायका होत्या 55 टक्के. तपासल्यावर आजार निघाला 92 टक्के जणींना. आता इथे नवशिक्यानं काय करावं? सरासरी काढावी: 73.5. दशांश चिन्ह असलं की आकडा भरवशाचा वाटतो. बंगांना हे सुचलं नाही. मला विचाराल तर तो अख्खा अभ्यास 55 आणि 92 यांच्या मधल्या फटीत उभा आहे. आजार आहे आणि बाई बोलत नाही, हे तपासणीशिवाय कळलं नसतं. ती का बोलत नाही, हे तपासणीच्या टेबलावर कळत नाही, त्यासाठी तिच्यापाशी बसावं लागतं. याआधी तपासणी आणि उपचार मिळालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के.

दुसरं वाईट उदाहरण त्याहून जुनं. व्हिएन्नाजवळच्या मारियेनटाल गावातली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझल यांच्या गटानं तिथल्या 478 कुटुंबांची टिपणं केली, जेवणात काय होतं ते लिहून घेतलं, शाळेतल्या पोरांचे निबंध वाचले. 1933 साली पुस्तक आलं. बेकार माणसाकडे वेळच वेळ, तेव्हा तो वाचत असेल असं आपल्याला वाटणार. पण वाचनालयाची वर्गणी रद्द झाली तरी पुस्तकं नेणं जवळजवळ निम्म्यावर आलेलं. मग या मंडळींनी काय करावं? खिडकीआड उभं राहून, हातात घड्याळ घेऊन, रस्त्यानं जाणारी माणसं किती वेगानं चालतात आणि कितीदा थांबतात ते टिपलं. पुरुष रेंगाळत होते, पुनःपुन्हा थांबत होते. बायका भराभर जात होत्या, कारण घरचं काम काही बंद पडलेलं नव्हतं. पुरुषांतल्या बऱ्याच जणांनी तर घड्याळ घालणंच सोडलं होतं. आता यात आकडा कुठे संपतो आणि गोष्ट कुठे सुरू होते? पिन मारायची तरी कुठे? असलं काम विद्यापीठाच्या नमुन्यात बसवताना फार त्रास होतो.

माझा पाण्याचा अहवाल विनातक्रार मंजूर झाला. नळजोडण्यांची त्यातली टक्केवारी अचूक आहे आणि आजी त्यात कोड 3 आहेत. स्टेपलर अजून चालू स्थितीत आहे. हवा असेल तर घेऊन जा, पिना तेवढ्या तुमच्या आणा.