अहवाल निरंक

शत्रूनं आपल्यावर रोगजंतू सोडले तर काय, या काळजीनं ज्यांचा डोळा लागत नाही त्यांनी खुशाल झोपावं. मला काळजी वाटते ती जंतू सोडायला येणाऱ्याची.

समजा, तो ऐन जुलैत येतो. खिशात एक कुपी. तिच्यात परदेशी शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं खपून घडवलेला जंतू. ताप, उलट्या, जुलाब, माणूस आठवडाभर अंथरुणात. तालुक्याच्या स्टँडवर उतरून स्वारी थेट पाण्याच्या टाकीकडे निघते. टाकीला कुंपण आहे, फाटक नाही. शिडी आहे, राखणदार नाही. वरचं झाकण केव्हाच भंगारात गेलंय. इतकं सोपं कसं, हा सापळा तर नव्हे, या शंकेनं तो अर्धा दिवस समोरच्या टपरीवर चहा पीत बसून राहतो. शेवटी मनाचा हिय्या करून वर चढतो, तर आत मेलेलं कबूतर तरंगतंय. म्हणजे स्थानिक स्पर्धा आहेच.

बरं, ओततो. आठवड्याभरात निम्मं गाव आडवं होतं. आता देश हादरणार म्हणून हा लॉजवर टीव्ही लावतो. टीव्हीवर आमदारांची बस कुठल्या रिसॉर्टकडे वळली याचं थेट प्रक्षेपण चाललंय. चैन पडेना म्हणून दवाखान्यात जाऊन बघतो. बाकावर बसायला जागा नाही, पण घाबरलेलं कुणीच नाही. डॉक्टर मान वर न करता एकेकाला सांगतायत, "व्हायरल आहे. सगळीकडे साथ आहे." तीन रंगांच्या गोळ्या, एक इंजेक्शन, फारच गळून गेला असेल तर सलाईन. रक्त तपासायचं का, असं एकानं विचारलंच, तर "कशाला उगाच खर्चात पडता? पावसाळ्यात होतंच." अखेर घातपात्याचंही पोट बिघडतं. त्याला डॉक्टर विचारतात, "बाहेरचं काही खाल्लं होतं का?"

हा माझा कल्पनाविलास म्हणाल, तर अमेरिकेत बरंचसं असंच घडलं आणि त्याचा धागा पुण्यापर्यंत येतो. एरवी कशाचाही पहिला मान न सोडणारे पुणेकर या बाबतीत गप्प का, हे मला कळलेलं नाही. रजनीश १९८१ मध्ये कोरेगाव पार्क सोडून अमेरिकेला गेले. ऑरेगन राज्यात शिष्यांनी मोठी वसाहत थाटली. पुढे वास्को काउंटीच्या निवडणुकीत आपली माणसं निवडून आणायची ठरली, पण मतं कमी पडत होती. तेव्हा रजनीशांच्या सचिव मा आनंद शीला यांच्या कंपूनं विचार केला, आपली मतं वाढत नसतील तर दुसऱ्यांची कमी करू. १९८४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात 'द डॅल्स' या गावातल्या दहा उपाहारगृहांत सॅलडवर आणि इतर पदार्थांवर साल्मोनेला जंतूंचं पाणी पडलं. ही रंगीत तालीम होती. विरोधातला मतदार मतदानाच्या दिवशी संडासात अडकावा, एवढाच माफक हेतू. (आपल्याकडे यादीतून नावच गळतं. जुलाबापर्यंत जावं लागत नाही.) ७५१ माणसं आजारी पडली. सुदैवानं दगावलं कुणी नाही.

आता तपासाची गंमत पाहा. राज्याचे अधिकारी आले, अटलांटाहून साथरोगांचे तज्ज्ञ आले. निष्कर्ष निघाला की स्वयंपाकघरातल्या नोकरांनी हात नीट धुतले नसावेत. वर्षभर बिचारे आचारी आरोपी राहिले. १९८५ मध्ये वसाहतीतच फाटाफूट झाली, शीला युरोपात निघून गेल्या आणि खुद्द रजनीशांनीच पत्रकारांना बोलावून त्यांच्यावर आरोप केले. मग पोलिस आत शिरले. वसाहतीच्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तोच जंतू सापडला. म्हणजे अमेरिकेतल्या त्या जैविक हल्ल्याचा छडा लावला तो गुरु-शिष्यांच्या भांडणानं.

तरीही मी त्या अमेरिकनांना मनापासून हात जोडतो, आणि ते त्या आकड्यासाठी. साडेसातशे नव्हे, सुमारे हजारही नव्हे. ७५१. कुणीतरी माणसं शोधून काढून, काय खाल्लं, कधी खाल्लं, किती वेळा जावं लागलं हे विचारत बसलं होतं. नमुने तपासत होतं. म्हणून तर पुढे कुपी सापडल्यावर ती कशाशी जुळवून पाहायची हे ठाऊक होतं.

आपल्याकडे हे मोजायची सोय नाही असं समजू नका. २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षणाचा कार्यक्रम आहे. त्यात आरोग्यसेविकेनं लक्षणांचा फॉर्म भरायचा, डॉक्टरांनी संशयित रोगाचा, प्रयोगशाळेनं खात्री झालेल्याचा. कागदावर इतकी सुरेख रचना की शत्रूनं बघून नोकरी सोडावी. या सगळ्या संरक्षण फळीच्या पहिल्या मोर्चावर उभी असते ती उपकेंद्रातली सिस्टर. तिच्या टेबलावर लसीकरणाचं रजिस्टर, गरोदर मातांचं रजिस्टर, कुटुंब नियोजनाचं उद्दिष्ट, तीन ॲपं भरायला एक मोबाइल आणि निवडणुकीच्या ड्युटीचा आदेश. तरीही समजा, एखाद्या आठवड्यात तिनं प्रामाणिकपणे लिहिलं की पातळ जुलाबाचे चाळीस रुग्ण. लगेच वरून फोन. "सिस्टर, सगळ्या तालुक्यात तुमच्याकडेच बरे इतके जुलाब? पाणी शुद्धीकरण करता की नाही? खुलासा पाठवा." सिस्टर खुलासा पाठवते. पुढच्या आठवड्यात त्या रकान्यात एकच शब्द असतो, निरंक. गावोगावचे निरंक गोळा होऊन तालुक्याला जातात, तालुक्याचे जिल्ह्याला. जिल्हा म्हणतो परिस्थिती नियंत्रणात आहे. घातपात्याच्या मालकांनी विचारलं, "अरे, हल्ला केलास की नाही?" तर बिचाऱ्यानं पुरावा कुठला दाखवावा?

याउलट, पैसा ओतला म्हणजे भागतं असंही नाही. २००१ मध्ये अमेरिकेत अँथ्रॅक्सची पाकिटं टपालानं फिरली, २२ जणांना बाधा झाली आणि ५ दगावले. पाकिटं सरकारच्याच जैवसंरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञानं धाडली, असा एफबीआयचा निष्कर्ष. कुंपणानं शेत खाल्लं ते असं. २००३ मध्ये नागरिकांना सल्ला मिळाला की घरात प्लॅस्टिकचे कागद आणि चिकटपट्टी आणून ठेवा. दुकानांतली चिकटपट्टी संपली. २०१९ च्या ऑक्टोबरात आरोग्य सुरक्षेच्या जागतिक यादीत अमेरिकेचा १९५ देशांत पहिला नंबर आला. पुढच्याच वसंतात, कोरोनाच्या साथीत, न्यूयॉर्कच्या काही परिचारिका कचऱ्याच्या पिशव्या अंगावर चढवून काम करत होत्या.

आपण चिकटपट्टीवर विसंबून राहिलो नाही. आपण कायदा काढला. म्हणजे जुनाच बाहेर काढला. मुंबईतल्या प्लेगसाठी फेब्रुवारी १८९७ मध्ये केलेला साथरोग कायदा, मोजून चार कलमांचा. त्याच्या जोरावर रँडसाहेबानं पुण्यात काय केलं आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत काय झालं, ते नव्यानं सांगायला नको. कायद्यात रेल्वे होती, बंदरातली जहाजं होती. विमान नव्हतं, कारण राइट बंधूंचं पहिलं उड्डाण व्हायला अजून सहा वर्षं होती. २०२० चा विषाणू मात्र विमानानं आला. ९ मार्चला पुण्यात पहिले रुग्ण सापडले, १३ मार्चला राज्यात १८९७ चा कायदा लागू झाला आणि एप्रिलच्या २२ तारखेला वटहुकूम काढून विमान कायद्यात उतरवण्यात आलं.

त्याआधी २०१७ मध्ये केंद्रानं एका नव्या कायद्याचा मसुदा लोकांच्या अभिप्रायासाठी ठेवला होता. साथरोग, जैविक दहशतवाद आणि आपत्ती, असं तिन्ही नावातच होतं. अभिप्राय मागवले, आणि तीन वर्षांनी विषाणू आला तेव्हाही तो मसुदाच होता. २०२४ च्या फेब्रुवारीत विधी आयोगानं २८६ व्या अहवालात सांगितलं की १८९७ चा कायदा अपुरा आहे.

जाणूनबुजून हल्ला करणाऱ्यासाठी यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा आहे, त्यात जैविक पदार्थांचाही उल्लेख आहे. फक्त त्यासाठी हल्ला झाल्याचं आधी कळलं पाहिजे. न कळल्यास प्रकरण साथरोग कायद्याखालचं, आणि शिक्षेसाठी तो कायदा दंड संहितेच्या १८८ व्या कलमाकडे बोट दाखवतो. तिथे जिवाला धोका पोचवणाऱ्या आदेशभंगाला दंड होता जास्तीत जास्त एक हजार रुपये, तोही १८६० चा दर. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेनं महागाईचा विचार करून तो पाच हजारांपर्यंत नेला आहे. पावती मिळते.