मागच्या बाकावर कोण बसलंय?

कार्यशाळेच्या शेवटी भरून घेतलेल्या फीडबॅक फॉर्मवर विश्वास ठेवू नका. हे तपासून झालेलं आहे. अमेरिकेत जीवशास्त्राच्या प्राध्यापकांसाठी सक्रिय अध्ययनाचे मोठे प्रशिक्षण-उपक्रम झाले. डायान एबर्ट-मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११मध्ये त्यांचा हिशेब मांडला. ८९ टक्के प्राध्यापकांनी लिहून दिलं होतं की आम्ही शिकवण्याची पद्धत बदलली. मग त्यांच्या तासांच्या चित्रफिती पाहिल्या, तर ७५ टक्के जण पूर्वीसारखं व्याख्यानच देत होते. ही माणसं खोटारडी नव्हती. तासात दोन प्रश्न विचारले, एकदा गट पाडले, की वर्ग बदलला असं मनापासून वाटतं. खरं काय ते मागच्या बाकावर बसलेल्यालाच दिसतं.

आपल्याकडे त्या बाकावर सहसा कुणी बसतच नाही. प्राध्यापकांना प्रशिक्षण देणाऱ्या ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजचं एचआरडीसी झालं, २०२३पासून मालवीय मिशनचं केंद्र झालं. रिफ्रेशरचं प्रमाणपत्र मात्र आजही बढतीच्या, म्हणजे कॅसच्या फाइलला लागतं आणि फाइल पुढे सरकली की विषय संपतो. त्या प्राध्यापकाच्या पुढच्या सेमिस्टरमधला एकही तास कुणी पाहिलेला नसतो.

याची किंमत मुलं मोजतात. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचं विश्लेषण २०१४मध्ये प्रसिद्ध झालं. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापास होण्याचं सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होतं, मुलं स्वतः विचार करतात, बोलतात, सोडवतात अशा वर्गांत २१.८. शंभरातली बारा मुलं! गणिताच्या एम-वन पेपरात अडकून एटीकेटी घेऊन फिरणारा, घरी काय सांगावं या चिंतेतला मुलगा ज्यांनी पाहिलाय, त्यांना हा आकडा समजावून सांगावा लागणार नाही.

‘आमचा वर्ग मोठा, इथे कसलं ॲक्टिव्ह लर्निंग,’ ही सबब आता पुरे. पवईला आयआयटीत सुमारे साडेचारशे मुलांच्या प्रोग्रामिंगच्या वर्गात ‘आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग सर्वांसमोर’ हा प्रयोग झाला. २०१३च्या त्या अभ्यासात सरासरी ८३ टक्के मुलं कामात गुंतलेली आढळली. तेही मोठ्या व्याख्यानगृहात.

खरी मेहनत प्रश्न घडवण्यात आहे. समजा, एका बॅटरीला दोन सारखे दिवे एकसर जोडलेत. एका दिव्याची दोन्ही टोकं तारेने जोडली, तर दुसरा मंद होईल, विझेल, की जास्त उजळेल? ओहमच्या नियमाची गणितं बिनचूक सोडवणारी मुलंही इथे थबकतात, आपसात वाद घालतात. (तो जास्त उजळतो.) चुकीचे पर्यायसुद्धा मुलांच्या डोक्यात खरोखर असलेल्या गैरसमजांतून घ्यावे लागतात. असा एक प्रश्न नीट बेतायला अख्खी संध्याकाळ जाते आणि अख्ख्या कोर्सला असे डझनावारी लागतात. प्राध्यापकांसाठीच्या पाच दिवसांच्या ऑनलाइन प्रशिक्षणात (एफडीपीत), कॅमेरा बंद ठेवून, हे हाताला येत नाही.

त्यात मुलं सुरुवातीला नाराज होतात. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सक्रिय वर्गातली मुलं जास्त शिकली होती, पण त्यांना स्वतःला कमी शिकलो असं वाटत होतं. विचार करायला कष्ट पडतात आणि ते कष्ट म्हणजे ‘सर शिकवतच नाहीत’ असा समज होतो. अमेरिकेतल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांपैकी नवी पद्धत वापरून पाहणाऱ्या सुमारे एक तृतीयांश जणांनी ती सोडून दिली, असं २०१२मध्ये दिसलं. मग आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबीवाल्या प्राध्यापकांचं काय? त्यांना पैसे मिळतात घेतलेल्या तासाचे. प्रश्न बेतण्यात गेलेल्या संध्याकाळचे नाही. पोर्शन राहिला, मुलांनी तक्रार केली, तर पुढच्या वर्षी बोलावतील की नाही ही धास्ती वेगळीच. कितीतरी महाविद्यालयांत पहिल्या वर्षाचे वर्ग याच लोकांच्या खांद्यावर आहेत. कॅसची शिडी त्यांच्यासाठी नाहीच, त्यामुळे त्या शिडीला बांधलेलं प्रशिक्षण त्यांच्यापर्यंत पोचणार कसं?

एबर्ट-मे यांच्याच पुढच्या उपक्रमात उत्तर सापडतं. तिथे पीएचडी झालेल्या तरुण संशोधकांनी दोन वर्षांत एक पूर्ण कोर्स रचला आणि शिकवला. पुढे नोकरीला लागल्यावरही त्यांचे वर्ग विद्यार्थीकेंद्री राहिल्याचं आढळलं. म्हणजे नव्या माणसाला धरा, वेळ द्या, त्याच्याच कोर्सवर काम करून घ्या.

प्रशिक्षण केंद्रांनी अर्धंच प्रमाणपत्र शेवटच्या दिवशी द्यावं. उरलेलं अर्धं, त्याच सेमिस्टरमध्ये कुणीतरी दोन तास वर्गात बसून आल्यावर. तो कुणीतरी साहेब नको, त्याच विषयाचा शेजारच्या कॉलेजातला सहकारी हवा. सीएचबी प्राध्यापकाला कोर्स बेतण्याच्या तासांचं मानधन मिळायला हवं. आणि विद्यापीठाने प्रश्नपत्रिकेत निदान वीस गुण त्या दोन दिव्यांसारख्या प्रश्नांना ठेवावेत, म्हणजे ‘परीक्षेत येणार आहे का?’ असं मुलांनी विचारलं तर प्राध्यापकाला ‘हो’ म्हणता येईल.