बादलीतला समुद्र

मुंबईत खिडकीतून समुद्र दिसतो, तरी प्रवाळांची टाकी ठेवणारा हौशी गृहस्थ समुद्र विकत आणतो, तोही मिठाच्या पावडरीचा. बरोबरच आहे म्हणा. किनाऱ्यावरचं पाणी टाकीत ओतायची छाती कोणाची?

खऱ्या समुद्रात क्षारता (अल्कलिनिटी) साधारण ७ डीकेएच (हे तिचं एकक), कॅल्शियम लिटरला ४२० मिलिग्रॅमच्या आसपास. पण निसर्गाचं हे प्रमाण आमच्या मंडळींना मिळमिळीत वाटतं. त्यांना ११-१२ डीकेएचचं ‘प्रो’ मीठ हवं! ते संपलं की सेलमध्ये मिळालेलं ७ चं. या हेलकाव्यात प्रवाळांची टोकं जळून पांढरी पडतात आणि शिव्या खातो टाकीवरचा दिवा. तिकडे झाकण उघडं राहिलेल्या बादलीत मिठाची ढेकळं झालेली.

अहो, कुठलंही एक चांगलं मीठ धरा, पण धरून ठेवा. आणि नवी बादली उघडली की कालवलेलं पाणी आधी तपासा, मग टाकीत ओता.