‘ताजी मासळी मिळेल’ या फलकास अनावृत पत्र

प्रति,
श्रीमान ‘ताजी मासळी व घरगुती जेवण मिळेल’ फलक,
मुक्काम मांडवा ते हरिहरेश्वर, जिल्हा रायगड.

विषय : ‘ताजी’ या विशेषणाची मुदत ठरविण्याबाबत.

महोदय,

कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास उतरणारा आणि दुपारी नागाव, मुरूड वा दिवेआगर येथे थाळीसमोर बसणारा मुंबईकर महोदयांच्या शब्दावर जेवढा भरवसा टाकतो, तेवढा तो स्वतःच्या डॉक्टरांवरही टाकत नाही. समुद्र समोर आहे म्हणून मासळी ताजी, आणि ताजी आहे म्हणून ती बाधणार नाही, अशी या भरवशाची दोन कलमे असून दोन्ही कच्ची आहेत, असे खेदाने कळवावे लागते.

दुसऱ्या कलमास सुरुंग लावतो तो व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस, म्हणजे कॉलऱ्याच्या जंतूच्या कुळातला, मिठावाचून न वाढणारा जिवाणू. उबदार किनारे आणि खाड्या हेच त्याचे वतन असल्याने तो मासळी नासण्याची वाट पाहत नाही; माशाच्या कल्ल्यांत व आतड्यांत आणि पाणी गाळून अन्न टिपणाऱ्या तिसऱ्या-कालवांत तो आधीपासूनच मुक्कामाला असू शकतो. कल्ला उचलून लाली पाहणारे, अंग दाबून घट्टपणा जोखणारे कोळणीचे बोट शिळी मासळी बरोबर ओळखते, परंतु ती परीक्षा नासवणाऱ्या जंतूंची असल्याने रंग-वास न बिघडवणारा हा पाहुणा तीत सहज उत्तीर्ण होतो. 1950 साली जपानमधील ओसाका येथे अर्धवट सुकवलेल्या बारीक मासळीने 272 जण आजारी पडून 20 जण दगावले, तेव्हा जिवाणुशास्त्रज्ञ त्सुनेसाबुरो फुजिनो यांनी त्यास प्रथम हुडकून काढले; 1996 मध्ये कोलकात्यात आढळलेला त्याचा एक वाण पुढे अनेक खंडांत पसरला. पोटात कळा, पाण्यासारखे जुलाब आणि उलट्या बहुधा 24 तासांच्या आत सुरू होतात, तोवर मुंबईकर वडखळच्या वाहतूककोंडीत अडकलेला असतो आणि सारा दोष ‘पाणी बदलले’ या सबबीवर ढकलून महोदयांना निर्दोष सोडतो.

पहिल्या कलमाचे दुखणे असे की, ताजेपणा किनाऱ्यापासूनच्या अंतरावर मोजला जातो, जिवाणू मात्र घड्याळ पाहतो. अनुकूल उष्णतेत त्याची संख्या सुमारे दहा मिनिटांत दुप्पट होते; हाच वेग टिकला, तर तीन तासांत एकाचे अडीच लाखांहून अधिक होतात. म्हणून बंदरावरून दहा पावलांवर आलेली, परंतु दुपारभर उघड्या टोपलीत राहिलेली कोळंबी, बर्फात झाकून दूरवरून आलेल्या कोळंबीपेक्षा अधिक घातक ठरू शकते, आणि नंतर घातलेला बर्फ म्हणजे वरातीमागून घोडे. बांगडा व कुपा यांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असून ऊब मिळाल्यास काही जिवाणू त्याचे हिस्टामिन करतात. जिवाणू तव्यावर मरतात, हिस्टामिन तसेच उरते, आणि तोंड लाल होऊन डोके ठणकू लागले की त्यास ॲलर्जी समजून लोक जन्मभर बांगड्याशी अबोला धरतात.

आता महोदयांच्या पाठीमागील स्वयंपाकघराकडे वळणे भाग आहे. तेथे ज्या विळीवर कोळंबी साफ होते, तिचे पाते फडक्याने पुसून त्यावरच कोशिंबिरीची काकडी चिरली जाते. कोळंबी उकळत्या कालवणात जाऊन निर्धोक होते, काकडी मात्र पात्यावरचा सारा ऐवज घेऊन कच्चीच पानात येते. जागतिक आरोग्य संघटनेने 2001 मध्ये सांगितलेली पाच सूत्रे, म्हणजे स्वच्छता, कच्चे व शिजलेले वेगळे ठेवणे, आतपर्यंत 70 अंश सेल्सिअस गाठेल असे शिजवणे, अन्न पाच अंशांखाली वा साठ अंशांवर राखणे आणि सुरक्षित पाणी व जिन्नस वापरणे, यांतील दुसरे सूत्र त्या एका विळीवर चिरले जाते. मिठावाचून न जगणाऱ्या या जिवाणूस गोडे पाणी सोसत नाही, त्यामुळे मासळी नळाच्या स्वच्छ पाण्याने धुणे आणि भाजीला वेगळी विळी ठेवणे एवढ्यानेही बराच धोका टळतो. महाराष्ट्रात 2018 पासून अखाद्य बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम आहे, तो मासळीच्या पेटीतला बर्फ कोकम सरबताच्या पेल्यात उतरू नये म्हणूनच.

सबब विनंती अशी की, ‘ताजी’ हा शब्द पुसू नये, त्यापुढे मासळी बर्फात कधी पडली ती वेळ रोज खडूने लिहावी. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असतानाही महोदय खांबावरून उतरत नाहीत, ही निष्ठा वंदनीय आहे. परंतु याच किनाऱ्याने त्या महिन्यांसाठी सोडे, जवळा आणि सुके बोंबील उन्हात खडखडीत वाळवून बेगमी करण्याची विद्या जपली आहे. ज्या दिवशी वेळ लिहिता येणार नाही, त्या दिवशी ‘आज सोड्याचा भात मिळेल’ असे लिहावे. गिऱ्हाईक थोडे रुसेल, परंतु सोमवारी कामावर हजर राहील.

कळावे, लोभ असावा.

समस्त भोजनभाऊ,
मुंबई, ठाणे व पुणे